सही करायच्या आधी वकिलाला एक फोन कर

पत्र:

नमस्कार ताई,
मी एडिसन, न्यू जर्सीला राहते, वय ४६, आयटीत आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये घराजवळच्या फार्मसीत फ्लूची लस घेतली, डाव्या हातात, आणि त्याच वेळी कोविडचा बूस्टर उजव्या हातात. उजवा दुसऱ्या दिवशी बरा झाला, डावा मात्र त्या रात्रीपासून जो धरला तो धरलाच. केसांना क्लिप लावता येईना, वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. दिवाळीची गडबड होती, वाटलं जाईल आपोआप, तर शेवटी जानेवारीत डॉक्टरकडे गेले (मध्ये नोव्हेंबरमध्ये थायरॉईडच्या गोळ्यांच्या रिफिलसाठी दवाखान्याच्या पोर्टलवर मेसेज टाकला होता, त्यात लिहिलं होतं की फ्लू शॉट घेतल्यापासून हात दुखतोय, तर नर्सने बर्फ लावा, आयबुप्रोफेन घ्या असं कळवलं). एमआरआयमध्ये बर्सायटिस (खांद्याच्या सांध्याजवळच्या बर्सा नावाच्या पिशवीला सूज) निघाला, एक कॉर्टिझोनचं इंजेक्शन झालं, मे महिन्यापर्यंत फिजिओथेरपी. मग उन्हाळ्यात पुण्याला माहेरी गेले तेव्हा तिथेही एका फिजिओकडे जात होते. आता ८० टक्के बरी आहे, डाव्या कुशीवर अजून झोपता येत नाही.
वकिलाने २०२४ मध्ये व्हॅक्सिन कोर्टात (लशीमुळे झालेल्या इजेची भरपाई जिथे मागतात तिथे) केस टाकली. सरकारने आधी विरोध केला, कारण जानेवारीच्या नोंदीत डॉक्टरने "सुमारे दोन महिन्यांपासून दुखतंय" असं लिहिलंय. आता ४२,५०० डॉलर्सची ऑफर आलीये, वकील म्हणतो घ्या. पण कागदात चक्क लिहिलंय की लशीमुळे इजा झाली हे सरकारला मान्य नाही. नवरा म्हणतो मान्य नाही तर पैसे कशाचे देताय, लढू. ओळखीतल्या एकीला १,२०,००० मिळाले. दिराने फॅमिली ग्रुपवर टाकून पण दिलं की बघा, लशी घातक असतात, सरकारच पैसे देतंय. मला तर वाटायला लागलंय वकिलाला फाइल बंद करायची घाई आहे. सही करू का? आणि माझं नाव कुठे छापून येईल का?
— डावा खांदा, एडिसन

उत्तर:

अगं, आधी एक गोष्ट सांगते आणि मग बाकीचं बोलू. अजून सही करू नकोस. ऑफर वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, आणि वकील चुकतोय असंही नाही, पण तुझ्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू कंसात टाकलीयेस. तो नोव्हेंबरमधला पोर्टलचा मेसेज. तो तुझ्या वकिलाकडे आहे का? फाइल करताना दवाखान्यातून जे रेकॉर्ड मागवतात त्यात व्हिजिटच्या नोट्स येतात, लॅब येते, एमआरआय येतो, पण पोर्टलवरचे मेसेज बऱ्याचदा येतच नाहीत, ते वेगळे मागावे लागतात किंवा पेशंटने स्वतः लॉगिन करून काढावे लागतात.

त्या एका ओळीने एवढा काय फरक पडतो ते सांगते. तुझी केस ज्या प्रकारात बसते त्याला एसआयआरव्हीए म्हणतात, सिर्वा, म्हणजे लस टोचण्यामुळे खांद्याला झालेली इजा. हा प्रकार २०१७ मध्ये सरकारच्या अधिकृत टेबलमध्ये आला, म्हणजे कुठल्या लशीने कुठली इजा किती वेळात होते त्या यादीत. टेबलमध्ये बसलं की लशीमुळेच झालं हे तुला सिद्ध करत बसावं लागत नाही, कायदा ते गृहीत धरतो, फक्त अटी पूर्ण व्हायला हव्यात : त्या खांद्याला आधीचा त्रास नको, दुखणं आणि हालचालीची मर्यादा त्याच खांद्यापुरती हवी, दुसरं काही कारण नको, आणि दुखणं लस घेतल्यापासून ४८ तासांत सुरू झालेलं हवं. शिवाय त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकलेला हवा, ते तुझ्या मेपर्यंतच्या थेरपीच्या नोट्समधून दिसतंय. म्हणजे अडलंय फक्त ४८ तासांवर. जानेवारीत डॉक्टर लिहितो "सुमारे दोन महिने", त्याचा हिशोब मागे नेला तर नोव्हेंबरचा मध्य येतो आणि तुझी लस तर ऑक्टोबरमधली. सरकारी वकिलाने नेमकं तिथे बोट ठेवलंय, त्याचं ते कामच आहे.

आता समोर ठेव नोव्हेंबरचा मेसेज. केस-बीस काही डोक्यात नसताना, गोळ्यांच्या रिफिलच्या मेसेजमध्ये जाता जाता लिहिलेलं वाक्य, की फ्लू शॉटपासून हात दुखतोय. त्यावर तारीख आहे, वेळ आहे, नर्सचं उत्तर आहे. दोन वर्षांनी वकिलाच्या ऑफिसात बसून केलेल्या अॅफिडेव्हिटपेक्षा अशा ओळीला कितीतरी जास्त वजन असतं, कारण तेव्हा तुला पैशाचा विचार करायचं कारणच नव्हतं. आणि कायद्यातच सोय आहे की सुरुवातीची तारीख त्या वेळच्या नोंदीत नसली किंवा चुकीची लिहिली गेली असली तरी स्पेशल मास्टर, म्हणजे या केसेस बघणारा न्यायाधीश, बाकीच्या पुराव्यावरून ती मान्य करू शकतो. त्या रात्री किंवा त्या आठवड्यात नवऱ्याला, बहिणीला, मैत्रिणीला व्हॉट्सअॅपवर "हात वर होत नाहीये" असं काही लिहिलं असशील तर तेही शोध. ऑफिसमध्ये कुणाला लॅपटॉपची बॅग उचलायला सांगितली असेल तर त्याचं स्टेटमेंट घेता येतं. फार्मसीचा फॉर्म पण बघून घे, फ्लूची लस डाव्या हातात अशीच नोंद आहे ना, कारण कोविडची लस तुझ्या वेळी भरपाईच्या या प्रोग्रॅममध्ये नव्हती, तिच्यासाठी वेगळी योजना आहे आणि ती फारच कंजूष आहे, एका वर्षाच्या आत अर्ज करायचा, त्रास सोसल्याचे पैसे नाहीत, वकिलाची फी नाही, कोर्टही नाही. दोन हातांची अदलाबदल झालेली असेल तर आत्ताच दुरुस्त करायला हवी.

आता नवऱ्याच्या प्रश्नाकडे, कारण तो चुकीचा नाहीये, मान्य नाही तर पैसे कशाचे. हा प्रोग्रॅम मुळात कुणाची चूक शोधायला काढलेलाच नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत डांग्या खोकल्याच्या लशीवरून कंपन्यांवर इतके खटले पडले की कंपन्या लशी बनवणंच सोडायला लागल्या, लशींचा तुटवडा व्हायची वेळ आली. तेव्हा १९८६ मध्ये काँग्रेसने कायदा केला आणि १९८८ पासून ही व्यवस्था सुरू झाली. लशीच्या प्रत्येक डोसवर, ती ज्या ज्या रोगासाठी आहे त्या प्रत्येकामागे ७५ सेंट टॅक्स, तो एका फंडात जातो आणि भरपाई त्या फंडातून मिळते. म्हणजे तू घेतलेल्या फ्लू शॉटचे ७५ सेंटही त्यातच गेलेत. केस फार्मसीवर नसते, कंपनीवरही नसते, ती असते आरोग्य खात्याच्या सचिवावर, आणि त्यांच्या बाजूने न्याय खात्याचे वकील उभे राहतात. वॉशिंग्टनच्या फेडरल क्लेम्स कोर्टात स्पेशल मास्टर म्हणून वेगळे न्यायाधीश फक्त हेच बघतात.

तिथे पैसे मिळण्याच्या तीन वाटा आहेत. एक, सरकार सरळ मान्य करतं की हो, टेबलमध्ये बसतंय, आणि आकडा प्रस्तावित करतं. दोन, स्पेशल मास्टर दोन्ही बाजू ऐकून निकाल देतो. तीन, तडजोड, म्हणजे तुझ्या हातात आहे तो कागद, ज्याला ते स्टिप्युलेशन म्हणतात. या प्रोग्रॅममध्ये आजवर दिलेल्या भरपाईपैकी साधारण ६० टक्के भरपाई या तिसऱ्या वाटेने आलीये, आणि त्या प्रत्येक कागदात ते नकाराचं वाक्य असतंच असतं. सरकार म्हणतं आम्हाला मान्य नाही, तू म्हणतेस मला झालंय, दोघं आपापल्या जागी ठाम, तरी वाद इथे थांबवू. ते वाक्य तुझ्याबद्दल नाहीये गं. तू खोटं बोललीस असं त्यात कुणी म्हणत नाही. मला माहितीये ते वाचून किती लागतं, रात्र रात्र उशी दुमडून खांद्याखाली घेऊन काढल्यावर कुणीतरी लिहून देतं की आम्हाला मान्य नाही. पण हा कागद तुला कधीच ते देणार नाहीये, तडजोडीत कबुली मिळत नाही, आणि कबुलीसाठी म्हणून केस ओढत राहणं मला पटत नाही. पैशासाठी ओढायची की नाही ते वेगळं, त्याचा हिशोब करता येतो.

तो हिशोब असा. खांद्याच्या केसमध्ये मुख्य पैसा त्रास सोसण्याचा असतो, त्यावर कायद्यानेच २,५०,००० ची कमाल मर्यादा आहे, अगदी भयंकर इजा असली तरी. त्याशिवाय इन्शुरन्सने न भरलेला दवाखान्याचा खर्च आणि बुडालेला पगार. सर्जरी न झालेल्या, हळूहळू बऱ्या झालेल्या खांद्यांना निकालात बऱ्याचदा पन्नास हजार ते एक लाखाच्या मधले आकडे मिळालेले दिसतात. तुझ्या ओळखीच्या बाईंना १,२०,००० मिळाले, तर त्यांना विचार सर्जरी झाली होती का, किती महिने काम थांबलं, किती इंजेक्शनं झाली. बहुतेक तिथेच उत्तर मिळेल. स्पेशल मास्टर हेही बघतात की दुखणं सुरू झाल्यावर पेशंट किती दिवसांनी डॉक्टरकडे गेला, थेरपीत मोठा खंड पडला का. आपल्या बायका जे करतात तेच तू केलंस, सण आहे, पाहुणे आहेत, जाईल आपोआप, पण कागदावर त्याचा अर्थ "फार दुखत नसावं" असा निघतो. हे अन्यायकारक आहे, पण असं होतं.

समजा तुझा वकील म्हणाला की ४८ तास मान्य झाले तर केसची किंमत ७५,००० च्या आसपास. आणि ते मान्य होण्याची शक्यता त्याला निम्म्याहून थोडी जास्त वाटते. मग ४२,५०० हा आकडा कुठून आला ते तुझं तुलाच कळेल, जिंकण्याच्या शक्यतेने गुणलेली किंमत आहे ती. पण आता बघ, त्याने ही शक्यता धरली तेव्हा नोव्हेंबरचा मेसेज त्याच्यासमोर नसेल तर? तो समोर आला की शक्यता वाढते, आणि शक्यता वाढली की आकडा वाढायला हवा. म्हणून म्हणते आधी मेसेज, मग सही.

पुण्याच्या फिजिओचंही तसंच. तू त्या भागाबद्दल अर्धीच ओळ लिहिलीस म्हणजे माझा अंदाज, पावत्या नाहीत, रोख दिले असतील. त्यांना फोन करून लेटरहेडवर लिहून माग, कुठल्या तारखांना आलात, कुठला खांदा, हात किती वर जात होता, काय उपचार केले, किती पैसे घेतले. पैसे फार नसतील, डॉलरमध्ये तर अगदीच थोडे, पण मे महिन्यात थेरपी संपली म्हणजे बरी झाली असं समोरचा म्हणणार असेल तर पुण्याचं पत्र सांगतं की नाही, अजून चालूच होतं. मात्र जे खरंच झालं तेवढंच लिहून घे. ओळखीचे आहेत म्हणून चार सेशन वाढवून लिहितील, प्रेमाने लिहितील, ते अजिबात घ्यायचं नाही. एक खोटी तारीख सापडली तर बाकीच्या खऱ्या सगळ्या जातात.

वकिलाला घाई आहे का? तुझी शंका स्वाभाविक आहे कारण आपल्या डोक्यात अपघाताच्या केसेस असतात जिथे वकील तिसरा हिस्सा घेतो. इथे तसं नाहीये. या प्रोग्रॅममध्ये वकिलाला तुझ्या पैशातून टक्केवारी घेताच येत नाही, कायद्याने बंदी आहे. त्याची फी कोर्ट तपासून मंजूर करतं आणि ती त्याच फंडातून वेगळी मिळते, केस हरली तरी मिळू शकते, फक्त ती प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर टाकलेली असावी लागते. म्हणजे ४२,५०० म्हणजे तुझे पूर्ण ४२,५००. केस अजून चालली तर त्याचे तास वाढतातच, तरीही तो घ्या म्हणतोय तर त्याच्या सल्ल्याला मी वजन देईन. पण त्याला सरळ विचार, मान्य झालं तर किती मिळतील असं तुम्हाला वाटतं, हरायची शक्यता किती, आणि सारख्या केसेसचे दोन-तीन निकाल मला दाखवा. निकाल कोर्टाच्या वेबसाइटवर असतात, तो काढून देऊ शकतो. चांगला वकील या प्रश्नांना रागावत नाही.

आणि नवरा म्हणतो लढू, तर सही किंवा लढाई असे दोनच रस्ते नाहीयेत. मधला एक आहे. वकील स्पेशल मास्टरला सांगू शकतो की फक्त दुखणं कधी सुरू झालं एवढाच मुद्दा कागदपत्रांवरून ठरवा. खांद्याच्या केसेसमध्ये हे नेहमी करतात. तुझ्या बाजूने लागलं तर पुढची बोलणी फक्त आकड्यावर उरतात आणि तुझा हात वरचढ होतो. विरुद्ध लागलं तर टेबलचा फायदा गेला, मग लशीनेच झालं हे एक्स्पर्ट डॉक्टर आणून सिद्ध करायचं, आणि आजची ऑफर तेव्हा शिल्लक असेलच असं नाही. यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. मला विचारशील तर मी असं करेन : मेसेज, व्हॉट्सअॅप आणि पुण्याचं पत्र वकिलाकडून समोर पाठवायचं, त्या जोरावर काउंटर, म्हणजे वाढीव आकडा, मागायचा, आणि ते साठच्या आसपास आले तर घेऊन मोकळं व्हायचं. पन्नासवर अडले तरी मी घेईन. आणि मेसेज बघूनही ते ४२,५०० वरून हलले नाहीत, तर मात्र तो मुद्दा स्पेशल मास्टरकडे नेण्याबद्दल वकिलाशी नीट बोलेन, कारण मग ते तुझा पुरावा मोजतच नाहीयेत.

सहीआधीचं दुसरं काम, ऑर्थोपेडिककडे एक चक्कर. स्टिप्युलेशनवर सही म्हणजे या इजेबद्दलचा सरकारवरचा सगळा दावा तू सोडतेस, कायमचा. पुढच्या वर्षी कुणी म्हणालं सर्जरी करू तर परत येऊन मागता येणार नाही. तू लिहितेस डाव्या कुशीवर झोपता येत नाही, ते डॉक्टरला दाखवून शेवटचं कधी लिहून घेतलंस? आज तपासून घे, हात किती अंशावर थांबतो ते मोजू दे, सर्जरीची शक्यता आहे का ते विचार आणि जे सांगतील ते नोटमध्ये येऊ दे. गरज नाही म्हणाले तर निर्धास्तपणे सही कर. आहे म्हणाले तर आकड्याचा सगळा विचारच बदलतो.

नावाचं. तू दाखल केलेले कागद, मेडिकल रेकॉर्ड, हे सगळं सील असतं, कुणाला मिळत नाही. पण निकाल मात्र कोर्टाच्या वेबसाइटवर येतो, त्यावर नाव असतं, आणि तडजोडीचा कागदही सहसा सोबत असतो, रकमेसकट. निकालानंतर १४ दिवसांत नाव झाकायची विनंती करता येते, नावाऐवजी आद्याक्षरं घाला म्हणून, पण मोठ्या माणसांच्या बाबतीत ती मिळतेच असं नाही, ठोस कारण द्यावं लागतं. आणि हे तुला बहुतेक कुणी सांगितलं नसेल : केस दाखल झाल्यावर सरकार फेडरल रजिस्टरमध्ये अर्जदारांची यादी छापतं, नाव आणि लस कुठल्या गावात घेतली ते. म्हणजे ती गोष्ट बहुधा आधीच झालीये आणि कुणाला पत्ता लागलेला नाही. ऑफिसमध्ये कुणी ते वाचत बसत नाही. १४ दिवसांची तारीख मात्र वकिलाला आधीच सांगून ठेव, ती चुकली की चुकली.

दिराचं काय करायचं? त्याच्याशी वाद घालत बसू नकोस, पण ग्रुपवर तुझा खांदा पुरावा म्हणून फिरतोय हे तुला चालणार नसेल तर एकदा लिहून टाक. सिर्वामध्ये दोष असतो तो सुई कुठे टोचली याचा. दंडावरच्या मांसल स्नायूत, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली टोचायला हवी, ती फार वर गेली की सांध्याजवळच्या बर्सात जाते आणि तिथे सूज धरते. याच कारणाने सरकारने २०२१ च्या सुरुवातीला सिर्वा टेबलमधून काढायचा नियमही केला होता, की ही टोचणाऱ्याची चूक आहे, लशीची नाही, आणि मग नवीन सरकारने काही महिन्यांत तो मागे घेतला. २००६ पासूनचा सरकारी हिशोब असा की दर दहा लाख डोसमागे साधारण एकाला भरपाई मिळालीये. तुला झालेलं खरं आहे आणि लस घातक आहे हे खरं नाही, दोन्ही एकदम असू शकतं. आणि वर सांगितलं तसं, तडजोडीचा कागद लशीबद्दल काहीच ठरवत नाही, ना त्याच्या बाजूने ना कुणाच्या. पुढच्या सीझनला फ्लूची लस घ्यायची का ते तुझ्या डॉक्टरशी बोलून ठरव. घेशील तेव्हा उजव्या हातात, बाही पूर्ण वर करून, बसून, आणि टोचणारा उभा राहून वरून टोचत असेल तर त्यालाही बसायला सांग. सांगायला लाजू नकोस.

पैशाचं वेळापत्रक पण मनात धर म्हणजे रोज ईमेल बघत बसणार नाहीस. दोन वकिलांत आकडा ठरला तरी वरून आरोग्य खातं आणि न्याय खातं दोघांची मंजुरी यायला वेळ लागतो, काही आठवडे ते काही महिने. मग कागदावर सह्या, स्पेशल मास्टरचा निकाल, जजमेंट, आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत तुला लेखी कळवावं लागतं की मी हे स्वीकारते. तो कागद वकील भरतो पण भरला ना, हे तू विचार. दोन्ही बाजूंनी अपील करणार नाही असं लगेच लिहून दिलं तर जजमेंट लवकर येतं, तेही सांग त्याला. शारीरिक इजेच्या भरपाईवर साधारणपणे फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही, तरी रिटर्न भरताना सीपीएला (टॅक्स बघणाऱ्या अकाउंटंटला) कागद दाखव. मधल्या काळात कधी मेडिकेडवर (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्यावर) होतीस तर त्यांचा हक्काचा भाग निघू शकतो, ऑफिसचाच इन्शुरन्स होता तर तो प्रश्न यायला नको, पण वकिलाला एकदा विचारून घे.

ऑफरला उत्तर द्यायची तारीख जवळ आली असेल तर घाबरू नकोस, नवीन पुरावा मिळालाय म्हणून मुदत वाढवून मागता येते आणि ती सहसा मिळते. उद्या सकाळी पोर्टल उघड, तो नोव्हेंबरचा धागा पूर्ण, नर्सच्या उत्तरासकट, तारीख आणि वेळ दिसेल असा पीडीएफमध्ये काढ आणि वकिलाला पाठव. दुपारपर्यंत उत्तर नाही आलं तर त्याच्या पॅरालीगलला, म्हणजे ऑफिसातल्या मदतनीस बाईला, फोन लाव, बऱ्याचदा फाइल तीच बघत असते.